आईला फिट

रिक्षा थांबायच्या आतच मी उतरले आणि जिन्यावरूनच ओरडले, "आई!"

शेजारच्या सबनीस काकूंचा मेसेज आला होता : 'आईला फिट. लगेच ये.' गेल्या दिवाळीत आईला फिट आली, तेव्हा काकूंनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. आता दोघींपैकी एकही फोन उचलत नव्हती. रस्ताभर मी देवाला काय काय कबूल केलं, ते देवालाच ठाऊक.

दार उघडंच होतं. आई पलंगावर मांडी घालून बसलेली, हातात पेरू. मला पाहताच तिनं कचकन असा चावा घेतला, की आवाज दारापर्यंत आला.

"नवी कवळी गं!" काकू म्हणाल्या. "आधीची बोलताना निसटायची. आज मीच नेलं हिला दातांच्या डॉक्टरकडे. ही बघ, कशी फिट बसली! म्हटलं, लेकीनं बघायलाच हवं."

"काकू, अहो, असा मेसेज करतात का?" एवढंच कसंबसं म्हणाले. चांगलं फैलावर घ्यायचं होतं त्यांना. पण काकूंच्याच गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले. रडता रडता हसू फुटलं, सगळं अंग गदागदा हलायला लागलं.

"अगंबाई!" काकू घाबरल्या. "आता हिला फिट आली की काय?"

आई तोंड उघडून खो खो हसली. कवळी जागची हलली नाही.