माझ्याकडे फार बघू नका

"तो हात हलवेल तसंच वाजवायचं," लोरेन्झ म्हणाला. "आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

मध्यंतर चालू होतं. बाहेर लोक फेसाळती वाइन पीत एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. आत वादकांच्या खोलीत लोरेन्झ वोंद्राचेक, वाद्यवृंदाचा पहिला व्हायोलिनवादक, गजाला राळ घासत बसला होता.

"अरे, पण लोकांनी काय पाप केलंय?" चेलो वाजवणाऱ्या ट्राउडलने विचारलं. लोरेन्झशी असं बोलायची हिंमत फक्त तिच्यातच होती.

"लोकांना कळू दे ना एकदा. वॉल्ट्झ त्या पिफ्केच्या हातात आहे की आपल्या मनगटात, ते."

पिफ्के म्हणजे जर्मन. व्हिएन्नाच्या माणसाचं तोंड हा शब्द उच्चारताना आपोआप वाकडं होतं. आणि यंदा नव्या वर्षाच्या मैफलीला वाद्यवृंदाचा पाहुणा संचालक म्हणून आणला होता तो थेट हँबुर्गचा, येन्स हार्टविग.

वॉल्ट्झ म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाचं संगीत; व्हिएन्नात त्यातला दुसरा ठोका जरासा आधी येतो. किती आधी, ते कुणी लिहून ठेवत नाही. इथल्या माणसाला ते विचारावंच लागत नाही. हार्टविग मात्र तिन्ही ठोके सारखे देई, चौकातल्या पोलिसासारखे. तालमीत वादकांनी त्याच्या हाताकडे सरळ कानाडोळा केला आणि लोरेन्झच्या गजावर नजर ठेवून आपल्या पद्धतीने वाजवलं. हार्टविग त्यावर अवाक्षर बोलला नाही, आणि लोरेन्झला तेच जास्त झोंबलं.

खरं दुखणं वेगळं होतं. संचालक वगैरे कुणी नको, व्हायोलिन हातात घेऊन मधोमध उभं राहायचं, वाजवता वाजवता गजानेच सगळ्यांना पुढे न्यायचं, ही या गावाची जुनी रीत. लोरेन्झचा बाप तशीच मैफल करायचा. एकदा, फक्त एकदा आपणही तिथे उभं राहावं, एवढीच लोरेन्झची इच्छा होती. मंडळाचे अध्यक्ष होफ्राट झाइडलिंगर दरवर्षी त्याच्या तोंडाला पानं पुसत, "पुढच्या वर्षी बघू." आता लोरेन्झच्या निवृत्तीआधी ते पुढचं वर्ष एकच उरलं होतं.

आणि मान कुणाला? तर ज्याने पहिल्या भागात छत्री आणली त्याला. उडत्या चालीच्या पोल्कामध्ये मोठा ढोल वाजला की हा पठ्ठ्या निर्विकार चेहऱ्याने छत्री उघडायचा. लोक खुर्चीत लोटपोट. लोरेन्झच्या बापाला हशा पिकवायला छत्री लागली नव्हती. तो नुसता एक सूर जरा जास्त लांबवायचा, की बायका हसू लागायच्या.

दार उघडून होफ्राटांनी डोकं आत घातलं. "लोरेन्झ, पुढच्या वर्षीचं समिती आजच ठरवते आहे. शेवटच्या वॉल्ट्झमध्ये जीव ओता. आज फार गरज आहे."

"कुणाला?" लोरेन्झने विचारलं. पण होफ्राट तोवर गेले होते.

मग खुद्द हार्टविग आला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "वोंद्राचेकसाहेब, शेवटच्या वॉल्ट्झला माझ्याकडे फार बघू नका."

"आजवर कोण बघत होतं?" लोरेन्झ म्हणाला.

हार्टविग हसला. "तेच म्हणतोय मी." आणि कोटाच्या बाह्या नीट करत निघून गेला.

"ऐकलंस?" लोरेन्झ ट्राउडलला म्हणाला. "वर टोमणे मारतोय. आज याची जिरवलीच पाहिजे."

तिने खांदे उडवले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लोरेन्झचा शब्द त्या खोलीत कुणी मोडत नसे.

शेवटचा वॉल्ट्झ सुरू झाला. सगळे डोळे हार्टविगच्या हातावर. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. दुसरा ठोका जागच्या जागी, कवायतीतल्या पावलासारखा. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोलणं थांबवलं. हार्टविग गोंधळून लोरेन्झकडे बघू लागला. लोरेन्झने नजर त्याच्या हातावरून हलवली नाही. फार दिवसांनी त्याला इतकं बरं वाटत होतं.

मधला गोड भाग आला. हार्टविगने हात हळूहळू खाली आणले, पोटावर बांधले आणि तो स्वस्थ उभा राहिला.

लोरेन्झने गज तारांवरून उचलला. सगळा वाद्यवृंद जागीच थांबला.

मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि बघता बघता सगळं सभागृह खदखदू लागलं. छत्रीनंतरची ही दुसरी गंमत, असंच लोकांना वाटलं. हार्टविगचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने हात उचलून उरलेला वॉल्ट्झ कसाबसा तडीला नेला. टाळ्या भरपूर पडल्या. हार्टविग वाकून नमस्कार करून कुणाशीही न बोलता निघून गेला.

होफ्राट पडद्यामागे एकटेच उभे होते.

"असं का केलंत, लोरेन्झ?"

"त्यांनी थांबवलं, आम्ही थांबलो," लोरेन्झ म्हणाला. हसू त्याला आवरत नव्हतं. "संचालकाचं ऐकायचं असतं ना?"

होफ्राटांनी चष्मा काढून पुसला.

"तालीम झाल्यापासून हार्टविग माझ्या मागे लागला होता. म्हणाला, माझ्याकडे इथे कुणी बघतच नाही, सगळे वोंद्राचेककडे बघून वाजवतात. पुढच्या वर्षी त्यांनाच उभं करा. समिती ऐकेना. संचालकाशिवाय हे चार मात्रा पुढे जायचे नाहीत, म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, मी शेवटच्या वॉल्ट्झमध्ये हात खाली घेतो, तुम्हीच बघा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आम्ही बघितलं."