योबो!

"बाबांना सांग, टेबलफॅनपण न्या म्हणावं," टीव्हीवरची नजर न हलवता आई म्हणाली. बाबा समोरच बॅग भरत होते! वेगळे झाल्यापासून दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फतच चालायचं. आज उरलेलं सामान घेऊन बाबा बदलीच्या गावी निघाले होते, म्हणजे आता तेवढंही संपणार होतं.

टीव्हीवर माझा लाडका कोरियन शो रंगात आला होता. वेगळं झालेलं जोडपं, मध्ये पडदा. बायकोनं हाक मारली नाही, तर नवरा कायमचा निघून जाणार. माझं कोरियन आता जाम भारी झालंय, त्यामुळे आईसाठी मी जागच्या जागी मराठी डबिंग करत होते, तेही अभिनयासकट!

पडद्यामागचा नवरा उठून दाराकडे वळला. आईनं उशी घट्ट धरली. इकडे बाबाही बॅग उचलून चपला घालायला लागले. तेवढ्यात ती बायको रडत ओरडली, "योबो!"

योबो म्हणजे बायकोनं नवऱ्याला मारायची हाक. मी हुबेहूब आईच्या आवाजात किंचाळले, "अहो!"

"काय गं?" दारातून बाबा म्हणाले आणि मागे वळले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही.

"तुम्हाला नाही," शेवटी आई थेट त्यांनाच म्हणाली, "त्या कोरियातल्याला."

"मग? थांबला का तो?"

"कळेल आता. दारातून काय दिसणार? चपला काढा आधी."