अकरा डाग

खैरनारबाईंनी स्कॅनच्या दोन फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवल्या, एक केमोआधीची, एक कालची. केमो लागू पडली का, हे डॉक्टर दुपारी सांगणार होते, पण तेवढाही धीर बाईंना नव्हता. त्यांनी शिकवणीच्या मुलांना कामाला लावलं. "फरक ओळखा. काळे डाग मोजा."

"हे कोण, बाई?" शर्वरीने विचारलं.

"आहे एक ओळखीची."

काचेला नाकं लावून मुलांनी तीनदा मोजलं. आधी अकरा, आता दोन. पण ते दोन चांगले ठसठशीत होते, एक डोक्यात, एक ओटीपोटात. डोक्यातला पाहून बाईंनी घाईघाईने फिल्म काचेवरून उतरवल्या.

दुपारी डॉक्टर हसले. "स्कॅनआधी आपण साखरेसारखं औषध टोचतो. कॅन्सर ते खातो, तसा मेंदूही खातो. उरलेलं लघवीत उतरून ओटीपोटातल्या मूत्राशयात साठतं. हे दोन डाग माझ्याही फिल्मवर दिसतील. तुमच्या कॅन्सरचे नऊच्या नऊ गेले, बाई."

संध्याकाळी बाईंनी पेढे वाटले. "ती ओळखीची बरी होतेय."

"माहितेय," पेढा तोंडात कोंबत शर्वरी म्हणाली. "फिल्मच्या कोपऱ्यात तुमचं नाव होतं. म्हणून तर तीनदा मोजलं."