आबांनी दिलेला स्टिरिओ

ललितने वायर चौथ्यांदा काढली, पिनेवर फुंकर मारली आणि स्टिरिओच्या मागच्या भोकांत पुन्हा खुपसली.

"गाणं लाव," तो टीपॉयवरच्या नव्या व्हॉइस असिस्टंटवर खेकसला.

त्या वाटीएवढ्या डबीवर निळा दिवा गोल फिरला. म्हणजे गाणं चालू झालं होतं. पण स्टिरिओच्या दोन मोठ्या खोक्यांतून हूं की चूं नाही.

"राहू दे ना भाऊ," त्याचे वडील, नाना, खुर्चीतून म्हणाले. "जुनं मशीन शे. जळून जाईल."

सकाळपासून नानांचं हेच चाललं होतं. ललित खास यासाठी धुळ्याहून मेहरूणच्या घरी आला होता. आईची नजर अधू झालेली. मोबाइलवरचं तिला दिसत नव्हतं आणि नुसत्या डबीचा बारीक आवाज कानापर्यंत पोचत नव्हता. तोंडाने सांगितलं की मोठ्यानं भजन लागावं, एवढंच तिला हवं होतं. तेही या स्टिरिओतूनच. फैजपूरच्या आबांनी, तिच्या वडिलांनी, तो लग्नात दिला होता.

बटण दाबलं की रेडिओ मात्र छान वाजे. लहानपणापासून ललितने त्यावर फक्त रेडिओच ऐकला होता. टेपचा भाग बिघडलाय, पार्ट मिळत नाहीत, असं नाना सांगत. पण रेडिओ वाजतो म्हणजे मशीन जिवंत आहे. मग वायरीतून आवाज का येऊ नये? भर उन्हात दोनदा गोलाणी मार्केटला जाऊन आला, तीन वायरी झाल्या, डोकं भणभणायला लागलं.

"उघडूनच बघतो आता," त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"उघडायचं नाही!" नाना ताडकन उठले.

"का पण? आईला जरा सुख मिळालं तर तुम्हाला बघवत नाही का?"

नानांचा चेहरा उतरला. आई दारात उभी होती. "जाऊ दे रे, नाही वाजला तर नाही वाजला," म्हणत ती शेजारी भिकुबाईंकडे निघून गेली.

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत नाना बघत राहिले. मग म्हणाले, "उघड."

मागची फळी निघाली. आत जवळजवळ काहीच नव्हतं. प्लायच्या तुकड्यावर सुतळीने बांधलेला एक छोटा रेडिओ आणि त्यातून खोक्यांकडे गेलेल्या दोन वायरी. बाकी सगळं पोकळ.

नाना त्याच्या शेजारी फरशीवर बसले.

"लग्नाला तीन महिने झाले होते. सकाळी मी बटण दाबलं आणि भसकन धूर निघाला. आबांनी केवढ्या हौसेनं दिलेला! तिला कोणत्या तोंडानं सांगणार? सर्व्हिसिंगला नेतो म्हटलं आणि पहूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून हे बसवून आणलं." त्यांनी आतल्या सुतळीवरून बोट फिरवलं. "पस्तीस वर्षं झाली भाऊ. अजून बटण दाबताना छातीत धडधडतं. तिला सांगू नको."

ललितचा राग कुठल्या कुठे गेला. मघाचं आपलं बोलणं मात्र सलत राहिलं. तो तिसऱ्यांदा मार्केटला गेला आणि तळहाताएवढा तयार अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. बापलेकांनी मिळून तो त्या पोकळीत बसवला. नानांनी टॉर्च धरला होता.

आई परतली तेव्हा फळी जागेवर होती.

"बाई गं, भजन लाव," तिने जरा लाजतच सांगितलं.

"माफ करा, मला समजलं नाही."

"अगं, भजन लाव ना!"

दुसऱ्या वेळी घर टाळमृदंगाने भरून गेलं. आईने हात जोडले. नाना डोळे पुसत, दूध आणतो म्हणून बाहेर पडले.

आई स्टिरिओजवळ गेली आणि त्याच्या लाकडावरून हात फिरवला. "आत नवीन काय बसवलंस?"

"काही नाही. वायर सैल होती."

"खोटं बोलायला बापासारखाच कच्चा आहेस," आई हसली. मग दाराकडे कानोसा घेऊन तिने आवाज खाली आणला. "त्यांना सांगू नकोस हं. तो जळला त्याच्या आदल्या संध्याकाळी पुसताना तांब्याभर पाणी मीच सांडलं होतं त्यात."