घ की ध?

संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात बाई फुकट शिकवायच्या, पण अगदी जीव ओतून. सुतारकाका रोज ‘घर’ला ‘धर’ वाचायचे आणि बाई रोज हसायच्या. “काका, धच्या डोक्याला गाठ असते. पुन्हा वाचा, घाई कुठाय?”

बाईंनी घरात पाऊल टाकलं की त्यांच्या आईचं सुरू. “टीव्हीवर खाली ती पट्टी पळतेय, त्यात काय लिहिलंय गं?”

“आई, आत्ता येतेय ना मी? आणि तुला कळून करायचंय काय? सारखं आपलं हे काय नि ते काय!”

आज बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. सुतारकाकांशेजारी, मांडीवर कोरी करकरीत पाटी घेऊन, आई बसली होती. बाईंना पाहून सगळे उठले, तशी तीही गुडघ्यावर हात टेकून उठली.

“अगं, तू इथे? घरी म्हणाली असतीस तर मी शिकवलं नसतं का?”

आईने पाटीवर एक अक्षर काढलं आणि पाटी पुढे धरली.

“बाई, हा घ की ध? काका म्हणाले, इथे कितीदाही विचारलं तरी तुम्ही चिडत नाही.”