रिकाम्या घराचा फोटो

सरकारी हमीच्या गृहकर्जासाठी अंगणवाडीसेविका वनमालानं अकोल्याच्या बँकेत अकरा खेपा घातल्या होत्या. आज बँकेचे साहेब ती घेत असलेलं घर बघायला एकदाचे बाळापूरजवळच्या खेड्यात आले. नियमाप्रमाणे फोटोत घर रिकामं दिसायला हवं होतं. पण आतल्या खोलीत बाजेवर घर विकणारी म्हातारी रहिमाबी झोपली होती. "उठवा त्यांना," साहेब म्हणाले. वनमाला आत गेली. सौदा झाल्यापासून रहिमाबीचा डोळा लागला नव्हता. आज मुठीत किल्ली धरून ती लेकरासारखी घोरत होती. वनमालानं पुढे केलेला हात मागे घेतला. "साहेब, आज राहू द्या." "आज मुदत संपते. मग फाईल परत जाईल. पुन्हा अर्ज करावा लागेल." "करीन," तिनं थकून सांगितलं आणि दार हलकेच लोटलं. दुपार कलल्यावर रहिमाबी उठली. "साहेब येऊन गेले का वं?" "नाई मावशी," वनमाला म्हणाली, "त्याईले आज जमलं नाई."