लाल रेघेपर्यंत

मुलगा पन्नाशीला टेकला, तरी तोंडात घास असताना बोलायची त्याची खोड काही जात नव्हती. म्हातारीला ते मुळीच खपत नसे. आज तर तो घासापेक्षा शब्दच जास्त चावत होता.

"ड्रायव्हरसाठी दारूची मर्यादा निम्मी करणार म्हणे! कायदा करणारे कधी बसलेत का स्टिअरिंगवर? आई, संध्याकाळी ड्रायव्हर लोकांची सभा आहे. तुझा ग्लास नेतो. म्हणतो, बघा, याला म्हणतात शिस्त!"

"ग्लास कशाला? मलाच ने मिरवायला," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

काचेचा ग्लास, त्यावर सुनेच्या नेलपॉलिशनं ओढलेली लाल रेघ. नवऱ्याच्या पिण्याला धरबंध नव्हता, म्हणून मुलाला तिनं आपला कायदा घालून दिला होता. बाहेर थेंब नाही. दुपारी घरी, जेवताना, तिच्या हातून, रेघेपर्यंत. मग तो शाळेची बस काढायचा. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ती चारचौघांत छाती काढून सांगायची.

सोमवारी मात्र तिनं खिडकीतून पाहिलं. मुलांना सोडून वळताना बसचं मागचं चाक फुटपाथवर चढलं. शेजारची पोर मागे उडाली म्हणून वाचली. तिची पाण्याची बाटली चाकाखाली चपटी झाली. "पोरांचं लक्षच नसतं," तो म्हणाला, आणि म्हातारीनंही "नाहीतर काय!" म्हणून री ओढली.

तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

"आज ओतलं नाहीस?" रिकामा ग्लास बघून त्यानं विचारलं.

ती उठली. टवका उडाला म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाद केलेला जुना ग्लास घेऊन आली. त्यातले चमचे काढले. त्याच्यावरही रेघ होती. तिनं दोन्ही ग्लास शेजारी मांडून, बरोबर त्याच उंचीवर नव्यालाही ओढली होती. नवा चांगला ऐसपैस आहे, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

जुन्यात तिनं रेघेपर्यंत पाणी भरलं, नव्यात ओतलं. रेघ लांबच राहिली. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तेव्हा कुठे पाणी रेघेला लागलं.

मुलाचा घास हातातच राहिला. मग तो कसनुसा हसला. "सभेत जुनाच नेतो. हे घरातल्या घरात राहू दे."

"दोन्ही ने," म्हातारी म्हणाली. "माप माझं चुकलं, ते पाप माझ्या माथी. पण दोन महिने दुप्पट पोटात गेलं आणि तुला पत्ता नाही. तू कोण रे सांगणारा, किती चालतं ते?"